माणसांची भिंत आणि कॅमेरा

गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट आज आपल्याला पाहता येत नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले, शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतरावांनी त्या भूमिकेत काय केले याच्या आठवणी पुढच्या दोन पिढ्या सांगत राहिल्या. कोणाला त्यांचा आवाज आठवत होता, कोणाला नजर, कोणाला बाळाभाऊ जोगांबरोबरचे प्रवेश. आपल्या हाती आहेत त्या फक्त या आठवणी आणि थोडी छायाचित्रे.

गणपतराव १९२२ साली गेले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली होती. सावेदादा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईतल्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले होते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांनी पाहिला. म्हणजे महाराष्ट्रात कॅमेरा आला तेव्हा हा नट ऐन तिशीत होता आणि पुढची पाव शतकभर दोघे एकाच प्रांतात वावरत होते. कुस्ती टिपणाऱ्या कॅमेऱ्याने हॅम्लेट का टिपला नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो.

उत्तर सोपे आहे. तो कॅमेरा मुका होता. शाहूनगरवासी ही गद्य नाटके करणारी मंडळी. तिच्या नाटकाला पदांचा आधार नव्हता, प्रयोगाचा सगळा भार बोलण्यावर. अशा नटाचे मुके चित्र घेऊन काय दिसले असते? ओठ हलताना दिसले असते. बोलपट आला तो १९३१ साली ‘आलम आरा’च्या रूपाने, आणि मराठी बोलू लागला १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त. गणपतराव जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

हे उत्तर मिळाल्यावर मी बरीच वर्षे समाधानी होतो. तंत्र उशिरा आले म्हणून ठेवा हातचा गेला, एवढाच त्याचा अर्थ मी लावला होता. पुढे दुसऱ्या एका नाटकाची आणि त्याच्या चित्रपटाची हकीकत शोधता शोधता मला माझेच उत्तर अपुरे वाटू लागले. त्या नाटकाच्या वेळी कॅमेऱ्याला वाचा होती, रंग होते, उत्तम तंत्रज्ञ होते. तरीही जे घडले ते साधे नव्हते. ते नाटक म्हणजे ‘घाशीराम कोतवाल’.

२

त्याआधी थोडे मागे जायला हवे. शोकान्त नाटक आपल्याकडे नवे. संस्कृत नाट्यपरंपरेत भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखा अपवाद सोडला तर नाटकाचा शेवट मंगल होत असे. मराठीत विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ साली आले. माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचे सती जाणे असा त्याचा शेवट. आपली पहिली शोकांतिका म्हणून बहुतेक अभ्यासक याच नाटकाचे नाव घेतात. पेशवाई आणि शोकान्त यांची गाठ मराठी रंगभूमीवर अशी अगदी सुरुवातीलाच पडली आहे.

रिकामा रंगमंच मात्र आपल्याला नवा नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा नेपथ्य म्हणावे असे फारसे काही नव्हते. सूत्रधार गात असे, पात्रे येत, बोलत आणि जात. राजवाडा, अरण्य, समुद्र हे सारे प्रेक्षकाने मनात उभे करायचे. रंगवलेले पडदे, महाल, बागा, रस्ते यांचे वेड नंतरचे. पारशी आणि युरोपीय नाटक मंडळ्यांचे पाहून ते आले आणि नाटक कंपन्यांच्या वैभवाच्या काळात शिगेला पोहोचले. कमीत कमी साधनांचे नाटक ही पाश्चात्त्य प्रायोगिक रंगभूमीकडून उसनी घेतलेली वस्तू आहे असे जे सर्रास म्हटले जाते, त्यात म्हणूनच निम्मेच तथ्य आहे. आपल्या दशावतारात एक बाकडे टाकले की सिंहासन होते. खेळ्यांत आणि नमनात गाणाऱ्यांची रांग हेच मागचे दृश्य असते.

नाटक जसेच्या तसे पडद्यावर उतरवण्याचा एक लवकरचा मोठा प्रयत्न मुंबईत झाला तो १९३५ साली. सोहराब मोदींनी ‘खून का खून’ हा बोलपट काढला. हाही ‘हॅम्लेट’च. मेहदी हसन ‘अहसन’ यांच्या उर्दू रूपांतराचा प्रयोग मोदी रंगभूमीवर करत होते, तोच त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभा केला. त्यांच्या संस्थेचे नावच स्टेज फिल्म कंपनी असे होते. नसीम बानू या चित्रपटातून पडद्यावर आल्या. पारशी रंगभूमीवर शेक्सपिअर कसा बोलला जाई याचा हा दृक्-श्राव्य पुरावा ठरला असता. ‘खून का खून’ची प्रत आज उपलब्ध नाही. गणपतरावांचा हॅम्लेट चित्रित झाला नाही म्हणून गेला, सोहराब मोदींचा चित्रित होऊनही गेला.

मराठीत हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मुळे. ‘रंगायन’ने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते केले. एका गावातला हॉल, खुर्च्या-टेबले, खेळ म्हणून मांडलेला खटला आणि त्यात अडकत गेलेली बेणारे, एवढीच सामग्री. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांचीच, बेणारे सुलभा देशपांडेच, आणि कॅमेऱ्यामागे तरुण गोविंद निहलानी. नाटकवाल्यांनीच केलेला हा चित्रपट नाटकाशी इमान राखून होता. खोलीत घडणारे नाटक खोलीत चित्रित करता येते. ‘घाशीराम’चे तसे नव्हते, कारण त्याला खोलीच नव्हती.

३

ऐतिहासिक घाशीराम हा कनोजकडचा ब्राह्मण, नाना फडणविसांच्या काळातला पुण्याचा कोतवाल. १७९१ साली त्याच्या कैदेत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर उसळले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. ही कथा तेंडुलकरांच्या शंभर वर्षे आधीच मराठी लेखनात शिरली होती. मोरोबा कान्होबा यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक १८६३ सालचे आहे. तेंडुलकरांनी तिच्यात गौरी आणली. अपमानित घाशीराम पुण्यावर सूड उगवण्यासाठी कोतवाली मिळवतो आणि त्या बदल्यात पोटची मुलगी नानाच्या हवाली करतो. मुलगी मरते. सत्ता देणारा हात तसाच राहतो आणि नको झालेल्या कोतवालाला जमावापुढे टाकतो. स्वतःच केलेली गोष्ट शेवटी स्वतःवर उलटते, हा शोकांतिकेचा जुना नियम इथे कडक रीतीने पाळलेला आहे. वरून मात्र कीर्तन, लावणी, नाच आणि गजर चालू असतो.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्ये कृष्णदेव मुळगुंद. पंचविशीतले मोहन आगाशे नाना झाले होते, रमेश टिळेकर घाशीराम. वाद पेटला. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. नाटक करणारी मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमी स्थापन झाली. ११ जानेवारी १९७४ पासून नाटक पुन्हा सुरू झाले. १९८० साली ते विरोधाला तोंड देत युरोपात गेले. हा वादाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मला इथे बोलायचे आहे ते भिंतीबद्दल.

पांढऱ्या धोतरातल्या, शेंडी राखलेल्या ब्राह्मणांची एक रांग रंगमंचावर आडवी उभी असते. ती गाते, डोलते. तोंड प्रेक्षकांकडे असते तेव्हा ती पुण्याची माणसे असतात. पाठ फिरवली की तीच माणसे भिंत होतात आणि भिंतीपलीकडे जे घडते ते आपल्यापासून लपते. रांग मध्येच फुटते तेव्हा दार उघडते. ती विखुरते तेव्हा रस्ता किंवा जमाव तयार होतो. लाकूड, कापड, रंग यांतले काही नाही. या कल्पनेचे मूळ कोकणातल्या खेळ्यांशी जोडले जाते, आणि ज्याने गावच्या चव्हाट्यावर गाणाऱ्यांची ती हलती रांग पाहिली आहे त्याला ते पटते.

हे काटकसरीचे नेपथ्य नाही. नाटकाचा मुद्दाच त्या भिंतीत आहे. घाशीरामला छळणारे, त्याच्याकडून छळले जाणारे, गौरीकडे पाहून न पाहिल्यासारखे करणारे आणि शेवटी दगड मारणारे, सगळे तेच. अत्याचार भिंतीच्या आड घडतो आणि भिंत माणसांची असते. लाकडी भिंतीला दोष देता येत नाही, या भिंतीला देता येतो. पाठ फिरवणे ही इथे कृती आहे. ग्रीक शोकांतिकेतला कोरस घटना पाहतो आणि तिच्यावर बोलतो, तेंडुलकर-पटेलांचा कोरस घटना झाकतो.

४

१९७६ साल या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये आणि महाराष्ट्रात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण दोन्हींत प्रश्न एकच होता.

इंग्लंडमध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ट्रेव्हर नन यांनी स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या पत्र्याच्या छोट्या नाट्यगृहात ‘मॅकबेथ’ केले. इयन मॅकेलन मॅकबेथ, ज्यूडी डेंच लेडी मॅकबेथ. जमिनीवर एक वर्तुळ, नटांना बसायला खोकी, जेमतेम उजेड. ज्या नटाचे काम नाही तो वर्तुळाच्या कडेला बसून इतरांचे पाहत राही, प्रेक्षक अगदी जवळ. पुढे थेम्स टेलिव्हिजनसाठी फिलिप कॅसन यांनी त्याचे चित्रीकरण केले आणि जानेवारी १९७९ मध्ये ते ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. नट तेच ठेवले, मोकळेपण तेच ठेवले. भोवताली काळोख राहू दिला आणि कॅमेरा चेहऱ्यांच्या अगदी जवळ नेला. प्रेक्षक जिथे बसत त्याहूनही जवळ. वर्तुळ पडद्यावर फारसे जाणवत नाही, पण डेंच यांच्या लेडी मॅकबेथची झोपेतली ती किंकाळी समोर बसून ऐकल्यासारखी ऐकू येते. नाटकाची जागा सोडून त्यांनी नाटकाची माणसे वाचवली.

आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह’ ही सहकारी संस्था काढली आणि पहिला विषय म्हणून ‘घाशीराम कोतवाल’ घेतला. दिग्दर्शनाशी के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप ही चार नावे जोडलेली आहेत. छायाचित्रणही एकट्याचे नव्हते, त्यातली बिनोद प्रधान आणि वीरेंद्र सैनी ही नावे पुढे सगळ्यांना माहीत झाली. पटकथा तेंडुलकरांनी लिहिली, संगीत चंदावरकरांचेच. नाना म्हणून मोहन आगाशे नाटकातून चित्रपटात आले. घाशीराम मात्र बदलला. त्या जागी ओम पुरी नावाचा नवा नट आला आणि त्याची पडद्यावरची सुरुवात मराठी चित्रपटात झाली. जब्बार पटेल या चित्रपटाचे दिग्दर्शक नव्हते. तेंडुलकरांच्याच पटकथेवरचा ‘सामना’ त्यांनी १९७५ मध्ये केला होता आणि ते चित्रपटाच्या स्वतंत्र वाटेला लागले होते.

देशात आणीबाणी होती हेही विसरता येत नाही. सत्तेने एक माणूस वर काढायचा, त्याच्याकडून काम करून घ्यायचे आणि नको झाला की लोकांपुढे फेकायचा, ही गोष्ट त्या वर्षात पेशव्यांची म्हणून कोणी पाहणार नव्हते.

या तरुणांनी प्रयोगाचे चित्रीकरण करायचे नाही असे ठरवले. कॅमेरा सभागृहाबाहेर पडला. माणसांच्या भिंतीच्या जागी मोकळे आकाश, खरी दगडमाती आली. मणी कौल यांना संकलनाच्या कात्रीवर फारसा भरवसा नव्हता, दीर्घ शॉट ही त्यांची ओळख. त्या शिस्तीची छाया या चित्रपटावरही आहे. दीर्घ शॉटलाही मर्यादा असते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या १००० फुटी रिळात सुमारे ११ मिनिटांचेच चित्रीकरण मावते. त्यानंतर कॅमेऱ्याला थांबावेच लागते. रंगमंचावरची रांग दोन-अडीच तास थांबत नसे.

५

मी ‘घाशीराम’चा थिएटर अकॅडमीचा प्रयोग एकदाच पाहिला, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, पुण्यात. स्वस्तातले तिकीट मिळाले ते पुढच्या रांगेच्या अगदी डाव्या टोकाचे. नाटकाच्या दृष्टीने ती वाईट जागा. तिथून भिंत तिरकी दिसत होती आणि तिच्या मागचे थोडे दिसत होते. सभागृहाला पाठमोरे उभे असलेले ते ब्राह्मण भिंत झाल्यावर काय करत होते? एक जण श्वास सावरत होता. दुसऱ्याने मनगटाने घाम पुसला आणि ताल न चुकवता पुन्हा डोलू लागला. आणि त्यांच्यापलीकडे जे चालले होते त्याच्याकडे त्यांचे डोळे उघडे होते. मधल्या रांगेतल्या प्रेक्षकाला वाटत असेल, पाठ फिरवली म्हणजे ते पाहत नाहीत. माझ्या जागेवरून दिसत होते ते उलटेच. पाठ आपल्याकडे केली म्हणजे तोंड अत्याचाराकडे होते. भिंतच सगळ्यांत जवळून पाहत होती.

चित्रपट मी फार उशिरा पाहिला, गेल्या दहा वर्षांत, कासूच्या घरी, संगणकाच्या पडद्यावर. पाहायला बसलो तेव्हा त्या रांगेची वाट पाहत होतो. मला हवी होती तशी ती आली नाही. पहिल्या वेळी मी नाराज होऊन उठलो. वाटले, नाटकाचा प्राण यांनी बाहेरच ठेवला. खरी भिंत असली की माणसांच्या भिंतीची गरज उरत नाही आणि मग झाकणारे निर्दोष ठरतात.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा थोडा सावध होतो. या वेळी आगाशे यांचा नाना नीट पाहिला. डाव्या टोकाच्या खुर्चीतून मी त्यांची लकब पाहिली होती, चालणे पाहिले होते, चेहरा असा पाहिला नव्हता. पडद्यावर तो चेहरा हातभर अंतरावर येतो. त्यातला गोडवा आणि त्यामागचा हिशेब एकाच वेळी दिसतात. ओम पुरींच्या खडबडीत, अजून कोणाला माहीत नसलेल्या चेहऱ्यावर अपमान कसा साठत जातो तेही दिसते. रंगमंचावर घाशीराम नाचाच्या लयीत वाहून जातो. पडद्यावर तो एकटा पडतो. नाटक समूहाबद्दल होते, चित्रपट त्या समूहाने वापरलेल्या माणसांबद्दल झाला. मग माझ्या ध्यानात आले की कॅमेरा कुठेतरी बसवावाच लागतो आणि त्याच्यासाठी मधल्या रांगेतली जागा सगळ्यांत निरुपयोगी. तिथे ठेवला असता तर भिंत भिंतच दिसली असती. युक्तच्या मंडळींनी दुसरी जागा निवडली. ती माझी नव्हती, एवढेच.

म्हणून ‘नाटक चित्रित करून ठेवा’ असे आपण जेव्हा सहज म्हणतो तेव्हा दोन वेगळी कामे एकत्र करतो. एक काम पुराव्याचे. प्रयोगात कोण कुठे उभे होते, कोणत्या शब्दावर पाठ फिरली, हे पुढच्यांना कळावे म्हणून. त्याला स्थिर कॅमेरा पुरतो, पण अशा चित्रीकरणातून नाटकाचा अनुभव मिळत नाही. दुसरे काम अर्थ लावण्याचे. नाटकाने जे माणसांकडून करवले ते कॅमेऱ्याने कसे करायचे याचा शोध. ते नवे काम असते आणि त्यात मूळ प्रयोगातले काही हरवणारच. जितके नेपथ्य कमी तितका हा पेच जास्त, कारण रंगवलेला महाल चित्रात तसाच येतो, पण प्रेक्षकाने मनात उभा केलेला महाल चित्रात येत नाही.

६

आता या हकीकतीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग.

नाटक नाशवंत आणि चित्रपट टिकाऊ, हे आपण धरून चालतो. ‘घाशीराम’च्या बाबतीत उलटे घडले. चित्रपट मोजक्या लोकांनी पाहिला आणि दृष्टीआड झाला. नाटकावर हिरिरीने वाद घालणाऱ्या कित्येकांना त्याचा चित्रपट आहे हेच ठाऊक नव्हते. त्याची एक प्रत बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात जपली गेली होती. तिच्यावरून डिजिटल प्रत तयार झाली आणि २०१४ च्या बर्लिन महोत्सवात ती पुन्हा दाखवली गेली. पुण्यात शिकलेल्या तरुणांनी, पुण्याच्या कोतवालावर, पुण्यात गाजलेल्या नाटकावरून केलेला चित्रपट, आणि त्याच्या पुनर्जन्माचा दाखला बर्लिनचा! कोणा एकाला दोष द्यावा म्हणून हे सांगत नाही. सहकारी संस्थेचा चित्रपट, वितरक नाही, वारस एक नाही. अशा चित्रपटाची प्रत कुठे ठेवायची, तिची काळजी कोणी घ्यायची, हे निर्मितीच्या धामधुमीत कोण ठरवणार?

त्याच काळात नाटक चालूच राहिले. ते वर्षानुवर्षे होत राहिले, नट बदलले. कोणी नोकरीसाठी गेला, कोणी चित्रपटात गेला, आणि भिंतीत रिकाम्या झालेल्या जागी नवा मुलगा उभा राहिला. कोणत्या मात्रेवर वळायचे, शेजाऱ्याचा खांदा किती अंतरावर ठेवायचा, हे त्याला कोणत्याही पुस्तकात सापडले नसते. ते शेजारी उभ्या असलेल्याने शिकवले. म्हणजे नाटक शरीरातून शरीरात उतरत राहिले. निगेटिव्हला थंड कोठी लागते, याला तालीम लागते. दोन्ही सांभाळायला माणूसच लागतो.

गणपतरावांच्या हॅम्लेटबाबत माझे जुने उत्तर अपुरे वाटू लागले ते इथे. बोलपट दहा वर्षे आधी आला असता आणि त्यांचा हॅम्लेट चित्रित झाला असता, तरी ‘खून का खून’ गेला तसा तोही गेला असता. आणि गेला नसता तर? प्रेक्षागृहाच्या मध्यावर ठेवलेल्या कॅमेऱ्याने आपल्याला एका मोठ्या आवाजाच्या, लांब उभ्या असलेल्या माणसाची आकृती दिली असती. तीही मी डोळ्यांत पाणी आणून पाहिली असती. पण त्यांच्या पद्धतीचे गद्य बोलणे मराठी रंगभूमीवरून हळूहळू नाहीसे झाले ते चित्रपट नव्हता म्हणून नव्हे. ते बोलणे कोणी कोणाला शिकवेनासे झाले म्हणून.

७

आमच्या कासूला नाट्यगृह नाही. पेण आणि नागोठणे यांच्या मधले हे गाव. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर त्याचे छोटे स्टेशन आहे आणि मुंबई-गोवा महामार्ग जवळून जातो. मुंबई-पुण्याचे नाटक इकडे क्वचित येते. इकडच्या मुलांनी नाटक पाहिले असेल तर ते बहुतेक पडद्यावरच. तेव्हा कॅमेरा आणि नाटक यांच्यातला हा वाद माझ्यासाठी केवळ विद्वत्तेचा नाही. भरत नाट्य मंदिरातल्या त्या पहिल्या रात्री जे नव्हते, त्या सगळ्यांच्या वाट्याला काय येणार, असा तो प्रश्न आहे.

गौरी-गणपतीत आमच्या भागात बाल्या नाच होतो. मध्ये ढोलकीवाला आणि गाणारे, भोवती घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचे फिरते रिंगण. नेपथ्य काही नाही, अंगण असते. आता प्रत्येक अंगणात दहा मोबाइल उंचावलेले असतात. मीही असे चित्रीकरण केले आणि घरी येऊन पाहिले, तर अर्धा वेळ पाठीच दिसत होत्या. रिंगणाचे चित्र कुठूनही घ्या, कोणाची तरी पाठ तुमच्याकडे असणारच. नन यांच्या वर्तुळापाशी थेम्स टेलिव्हिजनच्या मंडळींना जो प्रश्न पडला असेल तोच मला आमच्या अंगणात पडला. पुढच्या वर्षी मी कडेने न उभा राहता गाणाऱ्यांच्या मागे, आत बसलो. तिथून सगळे चेहरे आले, पण रिंगण गेले.

ती पहिली चित्रफीत आता माझ्याकडे नाही. फोन बिघडला, दुसरा घेतला, जुन्यातले काही आले, काही राहिले. नाच मात्र पुढच्या भाद्रपदात झाला. पण एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. रिंगण लहान झाले आहे. पनवेल-मुंबईला नोकरीला गेलेल्यांना दीड दिवसाची सुट्टी मिळते आणि दीड दिवसात पावले शिकून होत नाहीत.

म्हणून मी गेल्या वर्षापासून दोन्ही करतो आहे. कॅमेरा एका वर्षी बाहेरून, एका वर्षी आतून, आणि प्रत्येक चित्रफितीच्या तीन प्रती तीन वेगळ्या घरी. वर तारीख, गाण्याचे नाव, कोण कुठे उभे होते याचा कागद. आणि श्रावणापासून दर शनिवारी संध्याकाळी आमच्या पडवीत जुन्या नाचणाऱ्यांपैकी दोघे येऊन बसतात. समोर गावातली सहा-सात मुले असतात. सुरुवातीला मी त्यांना आधीच्या वर्षीची चित्रफीत दाखवत असे. एका म्हाताऱ्याने ती एकदा थांबवायला सांगितली, उठला, मुलाच्या शेजारी उभा राहिला आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून म्हणाला, “हा बघ, इथून वळायचा.” यंदा त्या मुलांपैकी चार रिंगणात होती.